पोवळ्याला खत कोण घालतं?

मासे पाळणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. कुत्रं आजारी पडलं तर डॉक्टरकडे नेता येतं, झाड वाळलं तर माळ्याला विचारता येतं. पण टाकीतलं काही मेलं, की भोवती बसलेली माणसं फक्त एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. आणि त्या बघण्यातून जे निघतं ते पुढे वर्षानुवर्षं सांगायला पुरतं!

आम्ही चौघं होतो. नव्वदच्या दशकातलं जळगाव. कांतिशेठ साड्यांचे व्यापारी. त्यांच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन दुकान थाटलेलं. गावात गोल्डफिश बऱ्याच घरांत होते, पण खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात मुंबईहून आणलेलं जिवंत पोवळं, हे फक्त शेठच्या दिवाणखान्यात. दुसरे देवरे सर. धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि रविवारी एसटीनं यायचे. तिसरे असोद्याचे आबा, केळीबागायतदार. त्यांचा माशांशी संबंध इतकाच, की शेठच्या घरचा चहा त्यांना आवडायचा. चौथा मी, माती-पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत सहायक. म्हणून माझं नाव पडलं ‘लॅबवाले’.

सगळं अडायचं एकाच गोष्टीवर. पोवळं हा अगदी थोडक्यात भागणारा जीव. पाण्यात नत्र आणि स्फुरद, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत खत, वाढलं की शेवाळ माजतं आणि पोवळं मिटून बसतं. आता बंद काचेच्या टाकीत खत येणार कुठून? माणसांकडूनच! आणि माणसं तर आम्हीच.

* * *

सुरुवातीला पाणी खऱ्या समुद्राचं यायचं. शेठचे साडू सौराष्ट्रात होते. ते कॅन भरून सुरतेला पाठवायचे आणि तिथून ते साड्यांच्या गाठींबरोबर टेम्पोत चढायचे. एकदा शेठ स्वतः टेम्पोत होते. धुळ्याच्या जकात नाक्यावर कारकुनानं गाडी अडवली.

“हाई काय शे?”

“पाणी.”

“पानी? इतला लांबथीन कोन पानी आनस भो?” त्याला वाटलं, रॉकेल. वास घेतला, रॉकेल नाही. मग त्याला वाटलं, दारू. पण गुजरातेतून इकडे दारू? हे त्यालाही पटेना. शेवटी बोट बुडवून त्यानं जिभेला लावलं.

“अरे, हाई ते खारं शे! बठ्ठं खारं शे!”

“समुद्राचं आहे.”

त्यानं दराचं पुस्तक उघडलं. समुद्र त्यात नव्हता. बराच वेळ शेठकडे संशयानं बघून त्यानं पावती फाडली. ती पावती शेठनी जपून ठेवली होती. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘मीठ (पातळ).’

* * *

शेठकडे जिवंत पोवळं आहे ही बातमी पसरल्यावर बायका यायला लागल्या. कुणाच्या मुलीला मंगळ, कुणाच्या पुतण्याला. त्यांना वाटायचं, टाकीतून एखादा खडा काढून देतील. शेवटी एक ज्योतिषीबुवा स्वतः खात्री करायला आले. काचेला नाक लावून बसले.

“हे हलतंय.”

“जिवंत आहे, बुवा.”

“पोवळं कधी जिवंत असतं काय? फसवलं तुम्हाला मुंबईवाल्यांनी.”

देवरे सरांनी वीस मिनिटं शास्त्र समजावून सांगितलं. बुवांनी शांतपणे ऐकलं. उठताना म्हणाले, “जिवंत असेल तर मंगळाला चालायचं नाही. उलट, आधी त्याचीच पत्रिका मांडावी लागेल!”

* * *

जळगावच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज दोन-तीन बोटं उडायचं. मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास. तेव्हा आबा म्हणाले, “माह्या बोअरचं पानी न्या. अमृत हाये अमृत!” आणि दर दोन दिवसांनी दुधाच्या कॅनमधून असोद्याचं अमृत यायला लागलं.

तीन आठवड्यांत टाकी हिरवीगार. काचेवर शेवाळ, दगडावर शेवाळ, आणि पोवळ्याची बोटं मुठीसारखी मिटलेली. शेठना माझा संशय, की मी प्रयोगशाळेची बाटली न धुता टाकीत बुडवली. मला सरांचा संशय, सरांना शेठच्या स्वयंपाक्याचा. अमृतावर कुणालाच संशय नाही!

शेवटी मी गुपचूप आबांच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत लावला. केळीला वर्षानुवर्षं घातलेला युरिया सगळा बोअरमध्ये उतरलेला. नत्राचा आकडा बघून मी दोनदा परत तपासलं. आमच्या साहेबांना वाटलं शेतकऱ्याचा नेहमीचा नमुना, त्यांनी खाली शिफारस लिहून सही ठोकली. तो कागद मी रविवारी सगळ्यांसमोर वाचला : ‘सदर पाण्यातच भरपूर नत्र आहे. वेगळे खत देण्याची गरज नाही. केळीस उत्तम.’

आबांनी कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. “सरकारी सही हाये. उत्तम लिहेल हाये. मंग केयीले चालते त पोवयाले काबरं नही?”

* * *

मग शेठ गॅरेजवाल्याकडून बॅटरीचं पाणी आणायला लागले. ते डिस्टिल्ड, त्यात खताचा प्रश्न नाही. आठवड्याला पाच-सहा कॅन. महिनाभरानं गॅरेजवाल्यानं मला रस्त्यात गाठलं आणि बाजूला घेऊन हळूच विचारलं, “भाऊ, शेठनी साड्या सोडल्या का? ट्रक घेतले म्हणतात. एवढ्या गाड्या कुठं उभ्या आहेत?”

मी म्हटलं, “पोवळ्याला पाजतात.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर मी माझी स्कूटर दुसरीकडे दाखवायला लागलो.

* * *

पाणी स्वच्छ झालं, तरी स्फुरद हटेना. स्फुरदाच्या चाचणीत पाणी निळं होतं. जितकं जास्त तितकं गडद. शेठचं पाणी शाईसारखं! म्हणजे टाकीत खाणं जास्त पडत होतं. सरांनी नियम केला : दिवसातून एकदा, एकच चिमूट, तीही फक्त शेठनी टाकायची. नोंदीची वही टांगली. निळा रंग जसाच्या तसा.

“कुणीतरी टाकतंय,” सर म्हणाले, आणि आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं.

शेठचं दुकान दुपारी बंद असायचं. एका दुपारी जेवून झोपायला जातो असं सांगून ते दिवाणखान्यातल्या पडद्यामागे खुर्ची टाकून बसले. आधी शेठाणी आल्या, पोळीचा तुकडा चुरून गेल्या. मग स्वयंपाकी. मग शेठच्या आई. त्यांना सगळे माजीसा म्हणत. माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हे त्यांचं आयुष्यभराचं पुण्य. देवाचं एकेक नाव घेत त्यांनी अकरा गोळ्या सोडल्या. मग शेजारच्या काकू, त्यांच्या हातात शेव.

हे सगळं आम्हाला शेठनी नंतर सांगितलं. मी त्या दिवशी सहज लवकर पोचलो होतो. खोलीत कुणी नाही. मासे काचेशी येऊन तोंडं उघडत होते. बिचारे उपाशी दिसले. मी डबीतली चिमूटभर...

पडद्यामागून आवाज आला, “पाच!”

* * *

त्यानंतर सरांनी टाकीला झाकण केलं आणि झाकणाला कुलूप; एक किल्ली शेठकडे, एक स्वतःकडे. कोळशाच्या पिशव्या टांगल्या, पाणी बदललं, माशांना दिवसाआड खाणं. दोन महिन्यांत नत्र शून्य, स्फुरद शून्य. सर तो कागद खिशात घेऊन फिरायचे. मला आधी आमच्या रसायनावरच संशय आला. नवीन बाटली फोडली, तरी शून्य.

आणि पोवळं पांढरं पडायला लागलं. आधी शेंडे, मग बोटं. शेठ सकाळी दुकानात जायच्या आधी बराच वेळ टाकीपुढे नुसते उभे राहायचे. सरांनी दिवा बदलला, मीठ मोजलं, मला तीनदा चाचणी करायला लावली. उत्तर तेच. सगळं निर्मळ!

आबा त्या रविवारी चहा न पिता टाकीकडे बघत बसले होते. “इतकी शीकेल मानसं तुमी,” ते म्हणाले, “उपाशी मारलं ना त्याले! केयीचं खत बंद केलं त पानं पिवयी पडता. याले काय थोडंबी नको का?”

सरांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मग मी प्रयोगशाळेच्या काट्यावर माशांचं खाणं तोलून कागदाच्या पुड्या बांधल्या, वैद्यासारख्या. रोज सकाळी एक पुडी, आणि ती टाकायचा मान माजीसांचा. पाणी चाचणीत फिकट आकाशी दिसायचं, शून्यही नाही आणि शाईही नाही. हळूहळू बोटांना रंग आला. माजीसा पुडी सोडताना अजून देवाचं नाव घ्यायच्याच. सरांनी त्याला हरकत घेतली नाही.

* * *

आता शेवटचं. पोवळं चांगलं वाढलं, झाडासारखं. याचीही फांदी तोडून लावली तर जगते, असं सर सांगायचे. शेठ रोज त्याची बोटं मोजायचे. एका सोमवारी चौदाची तेरा भरली. आदल्या दिवशी टाकीत हात घातला होता फक्त सरांनी.

पुढच्या रविवारी शेठनी विचारलं, “सर, एक बोट कमी आहे.”

“गळतात, शेठ. निसर्ग आहे.”

“गळलं तर खाली सापडेल ना? मी सगळी रेती चाळली.”

सर उठले. “वीस वर्षं शिकवतोय मी. चोर म्हणवून घ्यायला नाही येत इथं.” आणि चप्पल घालून निघून गेले. त्यानंतर त्यांचा रविवार बंद. मी एकदा धुळ्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. दारातच बोलले, आत बोलावलं नाही. घरी फक्त गप्पी मासे आहेत म्हणाले. शेठना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “आत का नाही घेतलं?” मी म्हटलं, “सोडा ना शेठ.” पण शेठ सोडणाऱ्यातले नव्हते.

दीड वर्ष गेलं. मे महिन्यात शेठच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही. आम्ही बर्फाच्या पिशव्या सोडल्या, शेठाणी आणि शेजारच्या काकू पाळीपाळीनं हातपंख्यानं पाण्यावर वारा घालत होत्या, आबांनी असोद्याहून बर्फाची लादी पोत्यात बांधून मोटरसायकलवर आणली. पाणी तापतच गेलं. तिसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा टाकीला वास सुटला होता. मासे गेले, पोवळ्याचा तर लगदा झाला. शेठनी दुकान उघडलं नाही. माजीसांच्या हातात त्या दिवसाची पुडी तशीच होती.

बातमी धुळ्याला कशी पोचली, कोण जाणे. आठवड्यानं, टाकी धुऊन रिकामी ठेवली होती, त्या रविवारी दारात देवरे सर. घामानं शर्ट ओला. हातात चहाचा मोठा थर्मास, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. एसटीत तीन तास तसाच धरून आणला असणार.

सरांनी थर्मास टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आम्ही वाकून बघितलं. आत खारं पाणी, आणि पाण्यात एक छोटं पोवळं, उघडलेलं, हलणारं. पाच बोटं.

शेठनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. कितीतरी वेळ ते थर्मासात बघत राहिले. मग त्यांनी सरांचा हात धरला, डोळे भरलेले. शेवटी एवढंच म्हणाले,

“बघा! मी सांगत होतो ना, एक कमी आहे!”