शिडीचा आखडलेला खांदा

त्याला सगळे शिडी म्हणत. धंद्याने रंगारी आणि अंगाने इतका उंच, की दुसऱ्याला स्टूल लागायचं तिथे याचा नुसता हात पुरायचा. छत रंगवावं तर शिडीनेच, असा त्याचा लौकिक होता. तो पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटाही काही लहान नव्हता. अशा माणसाचा उजवा खांदा आखडावा, म्हणजे ऐन मैफलीत गवयाचा घसा बसावा.

त्याच सुमाराला त्याच्या साडूचाही खांदा आखडला. साडू मुठीएवढा, बस चालवायचा. दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, त्यामुळे एकाच दवाखान्यात जाणं शक्यच नव्हतं. शिडीने मशीनवाला दवाखाना धरला. तिथे खांद्याला पट्ट्या लावून, शेक घेत, आरामात पडून राहायचं. साडू गेला व्यायामवाल्या बाईंकडे. त्या हात असा वर न्यायच्या की गडी घामाघूम व्हायचा. आपल्या पायांनी चालत जाऊन मार खायचा ही कुठली अक्कल, असं शिडी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा.

खरं तर मशीनवाल्यांनीही घरी करायचे व्यायाम शिकवले होते. शेकाने दुखणं उतरेल, पण हात वर जायला हवा तर तो रोज हलवावाच लागेल, असं बजावलंही होतं. पण शिडीची मोजपट्टी स्वतःची होती. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा चहाचा डबा. सुरुवातीला तो काढताना त्याच्या खांद्यातून कळ निघायची. मग हळूहळू डबा अलगद हातात येऊ लागला. मशीन एवढी गुणाची असताना व्यायामाची कटकट कोण करणार? त्या डब्याच्या भरवशावर त्याने ठेकेदाराला शब्दही देऊन टाकला, उद्यापासून सभागृहाचं छत. या वेळी माघार घेतली तर छताची कामं कायमची दुसऱ्याकडे जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी साडू भेटायला आला आणि वाद पेटला. शिडीने त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि जादूगाराच्या थाटात डबा खाली काढून दाखवला. परत ठेवला. आता तू काढ, म्हणाला.

साडूने सवयीने स्टूल शोधलं. मग सहज म्हणून दुखरा हात वर केला. डबा त्याच्या हातात आला. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत.

शिडीचा चेहरा पडला. बाईंच्या व्यायामात एवढी ताकद? पण साडू त्याच्यापेक्षा जास्त गोंधळला होता. डब्याकडे बघत तो म्हणाला, "अरे, माझा खांदा बरा झालाय. उंची नाही वाढली."

शिडीने मान वर केली. फळीच्या वर, भिंतीवर, रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली भोकं होती. त्यांच्या वर आणखी भोकं. लोकांच्या भिंतीवरची केसाएवढी भेग दुरून हेरणारा हा माणूस. स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. लांबीही त्याच्याच रंगकामाच्या डब्यातली होती.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"डबा काढताना तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं हो," ती म्हणाली. "म्हणून फळी जराशी खाली घेतली. दर वेळी जराशीच."

त्याला रागावताही येईना. त्याने भिंतीला पाठ लावली आणि हात सरळ वर उचलला. दुखलं नाही. पण हात खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला, कुणीतरी खिळा ठोकून ठेवल्यासारखा. आजाराच्या सुरुवातीला कळ सोसून का होईना, तो कानाच्या वर जात होता. एवढे दिवस कळ गेली म्हणजे खांदा सुटला, असं तो समजत होता. कळ गेली होती, आणि तिच्यासोबत हातही.

साडूने चिमटा काढायची संधी सोडून दिली. मग बाईंनी शिकवलं होतं तसं त्याने शिडीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बोटं भिंतीवर चढव, मुंगीसारखी. बोटं चढत गेली आणि नवशिक्यांना जिथपर्यंत रंग मारायला द्यायचा, त्या उंचीवर अडकली. शिडी त्या बोटांकडे दुसऱ्याच कुणाची असल्यासारखा बघत राहिला.

भिंतीवरचा हात तसाच ठेवून त्याने डाव्या हाताने ठेकेदाराला फोन लावला. छत जमणार नाही, एवढंच सांगितलं. मग ठेकेदाराने विचारलं, मग जमणार काय?

शिडीने अडकलेल्या बोटांकडे पाहिलं.

"खांद्याच्या खालचं सगळं," तो म्हणाला.