शनिवार कुठून धरायचा

वैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच जेवायला बसलो होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, आई गेली." फोन ठेवला, परत येऊन ताटावर बसलो आणि पुढ्यातली भाकरी संपवली. मगच हात धुतला आणि जालन्याची गाडी धरली. घरातल्यांना ते जरा विचित्रच वाटलं असणार. पण ज्या बाईनं मला कधी जेवायचं आणि कधी नाही हे शिकवलं, तिच्या मरणाच्या बातमीवर अर्धपोटी उठणं मला जमलं नाही. याला आता पाच आठवडे होतील.

त्यांचं नाव कौसाबाई. माझ्या थोरल्या भावाची बायको. गोष्ट निजामाच्या अमदानीतली, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली. आमचं मूळ गाव भोकरदनकडचं धावडा. बापजाद्यांची मेंढरं होती ती सरली, उरलं ते थोडं रान चुलत्यांकडे राहिलं आणि दादा बैलगाडी घेऊन कापसाच्या भाड्यावर जालन्यात आला. त्याच्या मागोमाग मीही आलो आणि एका कापूस कारखान्यात रुईच्या गाठी दाबायच्या कामाला लागलो. दिवाळीपासून होळीपर्यंत कारखाना रात्रंदिवस चाले. सहा ते सहा अशा दोन पाळ्या होत्या आणि त्या दर पंधरवड्याला पालटत. कारखान्यात मला सगळे "ए हमाल" म्हणून हाक मारत. आपलं नाव किसन आहे, हे मला फक्त तालमीत आठवायचं. तिथं मी किसन पैलवान होतो. त्या वयात माणसाला आणखी काय लागतं?

पण आदल्या वर्षी पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत भोकरदनच्या एका गड्यानं माझी पाठ मातीला लावून मला चीत केलं होतं. डाव मला येत होते, ताकदही कमी नव्हती, पण दमच पुरला नाही. परत आल्यावर तालमीच्या दारात उतरताच आमचे वस्ताद म्हणाले, "किसन, पुढल्या जत्रंला जर पाठ लागली ना, तर लंगोट खुंटीला लटकवायचा. मंग खुशाल गाठी दाब, तुला कोणी अडवत न्हाई." पुढचं वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मी मेहनत वाढवली. आणि मेहनत वाढवली तसा मी वाळायला लागलो. दिवसपाळीला ठीक चालायचं. पहाटे जोर-बैठका, मग घरी येऊन भाकरी-दूध, मग कारखाना. खरी दैना व्हायची ती रातपाळीला. सकाळी सहाला भोंगा झाला की मी कारखान्यातून थेट तालमीत जायचो, कारण मेहनत सकाळीच करायची असते असा आमचा पक्का समज. बारा तास गाठी ओढलेल्या अंगानं, रिकाम्या पोटी दोनशे जोर आणि चारशे बैठका. मग घरी येऊन दोन वेळचं एकदम हाणायचं आणि आडवं व्हायचं. दुपारी उठलो की पोट जड, म्हणून थोडंसं चिवडायचं आणि पुन्हा भोंगा. यात भर म्हणून शनिवार. आमच्या तालमीत प्रत्येक गड्याला मारुतीचा शनिवार होता. अन्नाला शिवायचं नाही, पाण्यावर राहायचं आणि रविवारी उजाडल्यावर नारळ फोडून मगच खायचं.

वैनींनी मला पकडलं ते अंगणातल्या न्हाणीच्या दगडापाशी. मी आंघोळ करून करदोड्याची गाठ पुढं सरकवत होतो.

"भावजी, तिसरी गाठ हाय ही," त्या शेळीची धार काढता काढता म्हणाल्या. "दोरी तीच, मंग कंबर कुठं चाल्ली?"

"काम जड हाय, वैनी."

"गेल्या साली काय कापूस हलका होता? कवा खाता ते सांगा बरं. बराबर सांगा, चोरू नका."

मी सांगत गेलो आणि त्यांचा धार काढणारा हात थांबला. शुक्रवारी रातपाळीला त्या बांधून देत ती शिदोरी मी जशीच्या तशी परत का आणतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कारखान्यातले बाबू म्हणत, बाराचे टोल पडले की शनिवार लागला. आमचे चाँद मिस्त्री म्हणत, "हमारा तो मगरिब कोच दिन बदलताय," म्हणजे दिवस मावळला की. घरी लहानपणापासून ऐकलेलं की सूर्य उगवला की वार पालटतो. मला वाटलं, देवाच्या कामात वाद नको, सगळ्यांचंच ऐकावं. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत जेवायचो आणि रविवारी उजाडेपर्यंत तोंडात काही घालायचो नाही. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी हे मोठ्या भक्तिभावानं करत होतो.

"म्हंजे शुक्रवारी चारला जेवले ते थेट ऐतवारी?" वैनी म्हणाल्या. "मधी दोन पाळ्या? अन् वरतून जोर-बैठका? भावजी, तुमचे दादा बैलाला बी असं वागवत न्हाईत. दिस उगवल्याबिगर वार लागत न्हाई. शुक्रवारची शिदोरी आता मला रिकामी पाह्यजे."

तिथून त्यांनी माझं जेवण हातात घेतलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या आणि पैलवानकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण जनावराला कधी चारा घालावा, कधी पाणी दाखवावं आणि कधी नुसतं बसू द्यावं हे त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "तुमचा दिस तुमी उठता तिथून सुरू," असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं. "वार देवाचा, पण भूक तुमची हाय. दोन्हीला एका दाव्यानं बांधू नका." सकाळी रातपाळीवरून आलो की तालीम बंद. वाटीभर कोमट आंबील, अर्धी भाकरी आणि झोप. उजेड येऊ नये म्हणून दाराला गोणपाट, आणि ओरडणारी शेळी गल्लीच्या टोकाला नेऊन बांधलेली. दुपारी उठलो की भिजवलेले हरभरे मूठभर आणि गुळाचा खडा. मग तासाभरानं तालमीत, जेव्हा तिथं चिटपाखरूही नसायचं.

पहिल्या आठवड्यात त्यांचाही अंदाज चुकला. मेहनतीच्या आधीच त्यांनी मला तांब्याभर दूध आणि पिठलं-भाकरी खाऊ घातली, आणि पन्नास बैठकांतच मी तालमीच्या लाल मातीत सगळं ओकून टाकलं. ती माती बदलायला मला एकट्याला चार दिवस लागले. घरी येऊन सांगितलं तर वैनी आधी पोट धरून हसल्या आणि मग गंभीर झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी राहणाऱ्या चाँद मिस्त्रींना कुंपणावरून गाठलं. मिस्त्री तरुणपणी कुस्त्या लढलेले. ते म्हणाले, "रोजों में हम इफ्तार के जरा पहलेच मेहनत करते थे, भाभी. मेहनत हुई की खाना. देर नक्को." वैनींना एवढंच हवं होतं. तेव्हापासून मी तालमीतून येऊन पाय धुवेपर्यंत ताट वाढलेलं असे. घट्ट तुरीचं वरण, गरम भाकरी आणि शेवटी शेळीचं दूध. आमच्या घरात बदाम कधी आले नाहीत. शिदोरीसुद्धा पाळीच्या अर्ध्यात खायची, संपताना नाही, अशी सक्त ताकीद होती. महिनाभरात माझ्या करदोड्याची गाठ पुन्हा जुन्या जागेवर आली.

अडलं ते शनिवारच्या पाळीपाशी. शुक्रवारची रात्र सुटली, पण शनिवारी दुपारी मेहनत आणि रात्रभर गाठी, दोन्ही उपाशीच. रविवारी मला उभं राहवेना. आठवडाभर चढलेलं अंग त्या एका दिवसात उतरायचं. जत्रा दीड महिन्यावर आली होती. मी वस्तादांना विचारायचं धाडस केलं नाही. वैनीच डोक्यावर पदर घेऊन तालमीवर गेल्या. बाईनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून बाहेर उभ्या राहून आत बोलल्या. मी खांबाआड मेल्याहून मेल्यासारखा उभा.

"बाई, मारुतीला भोंगा कळत न्हाई," वस्ताद म्हणाले. "शनिवार मोडायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

"मोडा कोण म्हणून राह्यलं, वस्ताद? शनिवार आमच्या घरातच राहील. भावजीचा शनिवार म्या धरते."

"बाईमाणूस अन् मारुतीचा शनिवार?"

"का? मारुतीला आई नव्हती का?"

मग वस्ताद खो खो हसले. "बराबर हाय," म्हणाले. "धरा मंग. पर त्याच्या नावानं धरा."

वाटेत मी वैनींना चिडवलं, "तुम्ही वाळणार आणि अंग मला येणार." त्या म्हणाल्या, "येऊ द्या की. घरातच राहतंय." एवढ्यावर विषय संपला. त्या शनिवारपासून मी जेवत होतो आणि त्या वाढत होत्या. त्यांच्या पोटात काही नाही हे मला दोन-तीन आठवडे टोचलं, मग सवय झाली. खरं सांगायचं तर फार लवकर झाली.

जत्रेत तोच भोकरदनचा गडी समोर आला. कुस्ती इतकी लांबली की बघणाऱ्यांनी गलका करणंही सोडून दिलं. शेवटी पंचांनी ती बरोबरीत सोडवली. तो गडी खाली बसून धापा टाकत होता आणि मी उभा होतो. वस्तादांनी माझ्या पाठीवरून तळहात फिरवून पाहिला, माती लागलीय का ते, आणि स्वच्छ हात सगळ्यांना दाखवला. लंगोट माझ्याकडेच राहिला. बायका तेव्हा कुस्त्या बघायला येत नसत. वैनी देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी धावत जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "आधी काहीतरी खा."

पुढं आठ-दहा हंगाम मी लढलो. मग दिवस बिघडले, राज्यात धामधूम सुरू झाली, तालीम ओस पडली. मी औरंगाबादेत बिऱ्हाड केलं, दुसऱ्या कामाला लागलो. लंगोट कधी सुटला ते सांगता येणार नाही. शनिवारची तर आठवणही राहिली नाही. जालन्याला जायचो ते सणावाराला किंवा रविवारी. एखाद्या शनिवारी गेलोच आणि वैनी जेवताना दिसल्या नाहीत, तर म्हातारपणी बायकांना असतातच उपासतापास, एवढाच विचार करून मी माझं ताट पुढं ओढलं. बायकांचे उपवास आमच्या घरात कोणी कधी मोजले?

दहाव्याला सगळे पांगल्यावर पुतण्याची बायको माझ्याजवळ येऊन बसली. सासूला ती आत्याबाई म्हणे. जरा चाचरत म्हणाली, "काका, एक इचारायचं होतं. आत्याबाईचा शनिवार आता कोणी धरायचा?"

"कोणता शनिवार?"

"तुमचा." ती माझ्याकडे बघतच राहिली. "डॉक्टरनं गोळ्या देल्या, उपाशी राहू नका म्हणून बजावलं. पर शनिवारी त्या पाण्यावरच. म्या किती भांडले. म्हणायच्या, भावजीनं अजून उद्यापन केलं न्हाई. ज्याच्या नावाचा त्यानं सोडला पाह्यजे, माझ्या मनानं कसा सोडू?"

"मग मला सांगायचं नाही का गं?"

"तेच म्या म्हणायचे. तर म्हणायच्या, कामात असतील. येतील तवा सांगतील."

पन्नासहून जास्त वर्षं. मी कामात असेन म्हणून. एवढ्या वर्षांत मी किती वेळा त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवलो असेन. एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं... मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. चारचौघांत पाठ लागली तेव्हाही नाही. लहान पोरासारखा रडलो. सूनबाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला.

तेरावं झालं तरी मी परतलो नाही. शनिवारपर्यंत थांबलो. या वयात मला गोळी घ्यायच्या आधी खावं लागतं, पण त्या दिवशी मी पाण्यावर राहिलो. दुपारीच हात कापायला लागले आणि वैनींचा एकेक शनिवार कसा गेला असेल ते थोडंफार कळलं. रविवारी दिवस वर येऊ दिला, मारुतीपुढं नारळ फोडला आणि घरी आलो. सूनबाईनं गरम भाकरी, घट्ट वरण आणि वाटीत दूध असं पान वाढून चुलीपाशी ठेवलं, जिथं वैनी बसायच्या तिथं. मला म्हणाली, "काका, तुमीच सांगा आता."

मी मोठ्यानं म्हणालो, "वैनी, सुटला शनिवार. जेवून घ्या."