मिस्तरींनी न बसवलेला वॉल

वरवे बुद्रुकच्या फाट्यावर धनाजी मिस्तरींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि मिस्तरींचं मत. पत्रे दोनदा वाऱ्यानं उडाले, लिंबाची फांदी मोडली, पण मत बत्तीस वर्षांत तसूभर हललेलं नाही.

मत असं की, डिझेल इंजिनाचा वैरी एकच, तो म्हणजे ताप. भरल्या गाडीनं खंबाटकी चढा नाहीतर वरंधा, इंजिन तापणारच. म्हणून त्याला गार ठेवणं हा मिस्तरींचा धर्म. आता इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर कंपनी एक पितळी झडप बसवते, जेमतेम वाटीएवढी. आमच्याकडे तिला वॉल म्हणतात. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत हा वॉल पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. मिस्तरींना हा सरळ आगाऊपणा वाटतो. ‘‘पानी हाय, फिरूंद्या की त्याला! आडवायचं कशापायी?’’ असं म्हणून ते प्रत्येक गाडीचा वॉल उपटून काढतात. तुमची गाडी ब्रेकसाठी आलेली असो की स्प्रिंगच्या पाट्यासाठी, वॉल जाणार. वर त्याचे पैसेही घेत नाहीत. एवढं मोठं मन!

मी सम्राट. वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध पहाटे गोळा करून टेम्पोनं नसरापूरला पोचवतो. माझ्याही टेम्पोचा वॉल मिस्तरींनी बारा वर्षांपूर्वी काढला, आणि मी शहाणा, त्यांना पेढे नेऊन दिले. तेव्हापासून दर हिवाळ्यात माझा टेम्पो अर्धा तास पांढरा धूर ओकत खोकतो आणि नसरापूर येईपर्यंत गरम होत नाही. त्यावर मिस्तरींचा इलाज तयार आहे. रात्री बॉनेटवर गोधडी टाकायची आणि पहाटे इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी डिझेलचा पेटता बोळा धरायचा. थंडीसाठी इंजिनाची तयारी ती एवढीच. माझी बायको रश्मी एकदा म्हणाली, ‘‘मला हुडहुडी भरली तर चुलीम्होरं बस म्हंता, आन् टेम्पोला माजी गोधडी!’’ मी तिला इंजिनातलं काही कळत नाही असं सांगितलं. मला तरी कुठं कळत होतं?

मिस्तरींचं कौतुक मात्र खोटं नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठल्या सिलिंडरला काय झालंय ते सांगतील. डिझेल पंपाचं काम त्यांच्यासारखं भोर तालुक्यात कुणी करत नाही. फक्त चुकीवर बोट ठेवलं की माणूस बिथरतो. ‘‘ह्यो धनाजी चुकला, आसं सांगणारा आजून जल्मायचाय,’’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळतं.

त्यांची एकुलती लेक मंगल सारोळ्यात दिली आहे. जावई इंद्रजितचा स्वतःचा ट्रक. गेल्या डिसेंबरात त्याला श्रीनगरचं भाडं मिळालं, यंत्राचे सुटे भाग पोचवायचे होते. इंद्रजित वाचणारा माणूस. ट्रकचं पुस्तक त्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, म्हणजे आमच्या फाट्यावर तो जवळपास वेडाच ठरायला हवा. तो कूलंटचा कॅन, पातळ ऑईल, नवी बॅटरी आणि डब्यातला कोरा वॉल घेऊन आला. जुना वॉल सासऱ्यांनी कधीच काढलेला होता.

‘‘मामा, तिकडं पानी गोठतंय. नुसतं पानी ऱ्हायलं तर ब्लॉक फुटंल. कूलंट भरा, आन् वॉल बी बसवा. वॉल नसला तर इंजिन गरमच व्हायचं न्हाई.’’

‘‘थंडी आमाला नका सांगू, जावईबापू,’’ मिस्तरी म्हणाले. ‘‘ह्यो सम्राट येल्ह्यात ऱ्हातो. इच्यारा त्याला थंडी कशी आसती ती.’’

मीही मोठ्या ऐटीत मान हलवली. आमच्याकडे पारा आठावर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि हा आम्हाला थंडी शिकवतोय!

जावई समोर उभा होता तोवर मिस्तरींनी मुकाट्यानं ऑईल बदललं, बॅटरी जोडली, जुनं पाणी सोडून दिलं. मग इंद्रजित ताडपत्रीची दोरी आणायला नसरापूरला गेला. मिस्तरींनी डबा उघडला, कोरा वॉल हातावर तोलला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘लेकीचा संसार हाय ह्या गाडीवर. घाटात तापली म्हंजे?’’ असं पुटपुटत त्यांनी तो वॉल खणात टाकला, वॉलशिवायच बोल्ट आवळले आणि वरून कूलंट भरलं. दुसऱ्यांचा वॉल ते कर्तव्य म्हणून काढत, जावयाचा मायेपोटी बसवला नाही.

इंद्रजित परत आला. ‘‘मामा, वॉल बसला?’’

‘‘बसला.’’

मी ते पाहिलं होतं. मी हसलो आणि चहा प्यायलो. आज त्याची लाज वाटते, पण त्या दिवशी मजाच वाटली होती.

ट्रक निघाल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी दूध घालून परतताना गॅरेजवर टेकलो होतो. मंगल माहेरी आली होती, तिनं वडलांना डबा आणला होता. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

‘‘मामा हायती का जवळ?’’ इंद्रजितचे दात वाजत होते. श्रीनगरच्या अलीकडे काझीगुंडला बर्फ पडल्यानं रस्ता बंद होता, ट्रकांची रांग लागली होती. रात्री उणे सात. ‘‘दोन तास इंजिन चालू हाय, टेंपरेचरचा काटा तळालाच. हीटरमदनं गार वारं येतंय. धूर पांढरा. पायाची बोटं कळंना झाल्याती. रस्ता परवापातुर उघडत न्हाई म्हंत्यात. काय करू?’’

मिस्तरींनी फोन हातात घेतला. ‘‘रेडिएटरम्होरं जाड पुठ्ठा बांधा. समदं झाका, खाली चार बोटं जागा ऱ्हाऊंद्या. वारं आडवा.’’ इथपर्यंत मिस्तरी मिस्तरीच होते.

‘‘बांधतो. पन मामा, वॉल बसलाय म्हनल्यावर आसं कसं हुईल? हितं येक मिस्त्री हाय, पर त्यो म्हंतो आदी सांगा काय झालंय. मंग पंप खोलू का इंजेक्टर?’’

आता सांगायचं होतं. न सांगावं, तर पोरगं उणे सातात पंप खोलत बसणार. सांगावं, तर समोर लेक बसलेली, आणि गॅरेजात एक वाळूवाला, दोन ड्रायव्हर आणि मी. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली.

‘‘पंप खोलू नगा,’’ ते म्हणाले. ‘‘वॉल बसवला न्हाई म्या. खोटं बोललो. तिथल्या मिस्त्रीकडनं नवा बसवून घ्या.’’

 इंद्रजित म्हणाला, ‘‘बरं, मामा.’’ एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगलनं फोन परत घेतला. डबा न उघडताच ती वडलांना म्हणाली, ‘‘दादा, त्यांनी दुसऱ्याकडं गाडी न्हेली आसती. तुमच्याकडं आनली, कारन तुमी हायसा म्हनून.’’ ती निघून गेली. दुपारी तिचा निरोप आला की वॉल बसला, काटा वर चढला, बोटं शाबूत आहेत. तोवर मिस्तरी लिंबाखाली बसून होते. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपणहून बोलावलं आणि माझ्या टेम्पोला वॉल बसवला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वेल्ह्यातून नसरापूरला न खोकता पोचलो. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण बारा वर्षांचा राग त्याच्या आधी आला, आणि तो मिस्तरींपेक्षा माझ्यावरच जास्त होता.

आठवड्यानं एक भरलेला ट्रक आला. मालक म्हणाला, ‘‘मिस्तरी, घाट हाय, वॉल काढून टाका.’’

‘‘न्हाई काढायचा. गाडी तापत आसंल तर रेडिएटर साफ करू, फॅनचा पट्टा बगू.’’

‘‘आवो, तुमीच काढत हुता की समद्यांचं!’’

‘‘चुकत हुतो.’’

मालकानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना ताप आलाय. ट्रक वळवून तो हायवेपलीकडच्या मानसिंगच्या गॅरेजात गेला. मानसिंग हा मिस्तरींचाच जुना चेला, तिशी उलटलेला. मिस्तरी हात पुसत त्याच्या मागोमाग हायवे ओलांडून गेले, मी पण गेलो. पोचेपर्यंत मानसिंगनं बोल्ट सोडलेही होते.

‘‘काढू नगंस, मानसिंग. इंजिनचं वाटोळं हुतंय,’’ मिस्तरी म्हणाले.

मानसिंगनं वॉल उपटून बाजूला टाकला आणि आदरानं उठून उभा राहिला. ‘‘दमलाय तुमी, मिस्तरी. बसा, च्या सांगतो. पानी हाय, फिरूंद्या की त्याला. तुमीच शिकवलंय.’’