लग्नाच्या फोटोतला हार

फोटो खरा की खोटा, हे सांगायचा उद्योग मी शिकलो आणि डोक्याला ताप करून घेतला. कामशेतच्या बाजारात माझा स्टुडिओ आहे. दहा मोबाईल फिरून चोथा झालेला फोटो लोक पुढं करतात आणि म्हणतात, यात काय फेरफार केलाय ते सांगा. अरे, मी काय देवऋषी आहे?

एकदा वडिवळ्याचा एकजण लग्नाचा फोटो घेऊन आला. फोटोत त्याचा वारलेला भाऊ आणि वहिनी, दोघांच्या गळ्यात हार. नवऱ्याच्या घराला वारस म्हणून वहिनी नाव लावायला निघाली होती, आणि लग्नाचा पुरावा म्हणून तिनं हाच फोटो जोडला होता. यांचं लग्न झालंच नाही, फोटो बनावट आहे, तसं लिहून द्या, असं त्याचं म्हणणं.

स्कॅन करून मोठा केला. तिच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, त्याच्या चेहऱ्यावर उजवीकडून. आणि हारात पाकळी तुटलेलं एकच झेंडूचं फूल चार ठिकाणी चिकटवलेलं. ते बघून माझं मलाच कानफटवावंसं वाटलं. एवढा आळशी हात अख्ख्या मावळात एकच, माझा.

नवरा गेल्यावर तीच आली होती, दोघांचे वेगवेगळे फोटो घेऊन. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. गेलेल्या माणसाला आम्ही घरच्यांशेजारी बसवून देतो. तिला तर नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. विहारातलं त्यांचं लग्न मीच टिपलं होतं आणि घाईत कॅमेरा उघडून उजेडानं अख्खा रोल जाळला होता, एक फोटो उरला नव्हता. तेव्हा भर मांडवात माझी कॉलर धरणारा हाच दीर! रोल जळल्याचं माहीत होतं म्हणूनच तो एवढ्या खात्रीनं आला होता.

हे सगळं मी त्याला तोंडावर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजे फोटू खोटाच न्हवं? तेवडंच लिवा."

असा संताप आला! मी लिहिलं, फोटो जोडलेला आहे, मीच जोडला. लग्न खरं आहे, मी हजर होतो आणि हा दीरही. खाली सही ठोकली. त्यानं कागदाला हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तो तिला नेऊन दिला. वाटलं, घर हातचं जात नाही म्हणून खूश होईल. तिनं वाचलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"लगीन खरं हाय ते मला ठावं हाय, भाऊ. फोटू तेवडा खरा ऱ्हाऊ द्यायचा व्हता."