आईची अट आणि बाबांची लाली

आमच्या घरी सहा महिने एक फटफटी खोलून पडली होती. तिचे पार्ट हरवत गेले अन् किस्से जमत गेले! शेवटी गाडी उभी राहिली तेव्हा चार नट उरले. ते कुठले, हे अजून कोणाला माहीत नाही. किस्से मात्र सगळे शाबूत आहेत. स्टाफरूममध्ये डबा उघडला की कोणी ना कोणी विचारायचंच, "मॅडम, काल काय झालं?"

मी मूल गावच्या शाळेत मराठी शिकवते. दिवसभर पोरांना 'मला-तुला' शिकवायचं अन् घरी येऊन 'मले-तुले' बोलायचं, अशी माझी ड्युटी. म्हणून जे जसं बोललं गेलं, तसंच सांगते.

बाबा आरोग्य खात्यातून रिटायर झाले. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या गावांमध्ये लस टोचत फिरायचे, म्हणून तिकडे सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. फिरायचे ते लाल टाकीच्या टू-स्ट्रोक गाडीवर. तिचं नाव लाली. बाबा रिटायर झाले अन् लाली गुरांच्या कोठ्यात गेली. पंधरा वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही.

मग त्या जंगलातल्या एका गावातून फोन आला. तिकडे बाबांचे जुने दोस्त आहेत, रैनूदादा. नाल्याला पाणी आलं की लालीला दोन बांबूंवर बांधून, खांद्यावर घेऊन पलीकडे नेणारे! त्यांचा मुलगा नेटवर्कसाठी टेकडीवर चढून बोलत होता, "बाबाचे डोळे गेले. आता काईच दिसत नाई. डाक्टरले बलावून राह्यले."

बाबा म्हणाले, "जातो. पण लालीवर जातो."

आई म्हणाली, "त्याले दिसत नाई म्हणते ना? मग एस्टीनं जा!"

"दिसत नाई म्हणूनच तं लाली पाहिजे!"

बाबांचं वय चौऱ्याहत्तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अन् मागच्या वर्षी सायकलवरून पडून हात मोडलेला. आईने सरळ अट घातली. "गाडी सुधरवा, माझं काई म्हणणं नाई. पण चालवन ते माझी पोरगी. तुमी हँडलले हात लावला, तं मी माहेरी जाईन!"

आईचं माहेर आमच्याच गल्लीत आहे, चार घरं सोडून. तरी बाबा घाबरले. मान हलवली खरी, पण त्या दिवशी धड जेवले नाहीत. आपली गाडी आपणच जोडायची अन् मागे बसून जायचं, हे त्यांना फार लागलं. मला त्यांची दया आली, पण आईपुढे माझं तरी कुठे चालतं?

* * *

गाडी जोडायला बाबांनी मेश्रामकाकांना बोलावलं. काकांनी सगळी नोकरी माजरीच्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करण्यात घातली. ते पान्यांची पिशवी घेऊन आले, बाह्या वर केल्या अन् कोठ्यात शिरले. लालीच्या सीटचा फोम फाटला होता, अन् त्या खड्ड्यात आमची कोंबडी अंड्यांवर बसली होती!

आई म्हणाली, "तिले उठवाचं नाई."

काका म्हणाले, "वहिनी, सीटच तं काढाची आहे."

"पिल्लं निघू द्या, मग काढा!"

काम बंद. काका रोज सकाळी यायचे, कोंबडीकडे पाहायचे, चहा प्यायचे अन् घरी जायचे. एक दिवस ते वैतागून म्हणाले, "खदानीत संप झाला तरी इतके दिवस काम थांबत नोहोतं!"

शेवटी नऊ पिल्लं निघाली. काकांनी बाबांना तिथूनच आवाज दिला, "भाऊ, गाडी चालू व्हाची आहे, पण प्रोडक्शन सुरू झालं!"

* * *

टाकी आतून गंजली होती. तिच्यात चिंचेचं पाणी अन् मूठभर जुने नट टाकून तीन-चार तास हलवत राहायचं, असं काकांनी सांगितलं. आता बाबांच्या मोडलेल्या हातात तेवढा जोर कुठला? बाबांनी डोकं लढवलं. ओसरीत भाचीसाठी बांधलेली लुगड्याची झोळी होती. टाकी तिच्यात ठेवली, झोळीला दोरी बांधली अन् दोरी ओढत पेपर वाचत बसले.

शेजारच्या गेडामबाई विरजण मागायला आल्या. झोळी हलताना पाहून थबकल्या.

"मायबाई! कोणाचं लेकरू आणलं जी?"

बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "माझंच आहे."

गेडामबाईंनी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, अन् हळूच लुगडं बाजूला केलं. आत लालभडक टाकी! पण बाई हुशार. गडबडल्या नाहीत. लुगडं पुन्हा नीट झाकलं अन् म्हणाल्या, "रंग काई बापावर नाई गेला!"

* * *

मेश्रामकाकांचा हात म्हणजे डंपरवर बसलेला हात. मनगटाएवढे बोल्ट आवळायची सवय. त्यांनी लालीचा करंगळीएवढा स्क्रू धरला, एक आटा जास्त दिला, अन् टक्! डोकं काकांच्या हातात, बाकीचा स्क्रू इंजिनात.

असे तीन तुटले. चौथ्याला बाबा ओरडले, "अरे मेश्राम, ही फटफटी आहे! तू खदानीत नाई आता!"

काका म्हणाले, "आमच्याकडे बोल्ट कुंईकुंई रडला का समजाचं, आता टाईट झाला."

"इथी मालक रडून राह्यला, त्याचं काय?"

तेव्हापासून काका फक्त बोटानं दाखवायचे अन् पाना मी फिरवायचे. मराठीच्या मॅडमच्या नखांत ग्रीस! वर्गात फळ्यावर लिहायला लागले की पोट्टे हसायचे.

* * *

पहिल्यांदा किक मारली ती मी. वीस किका झाल्या, गाडी हूं की चूं नाही. एकविसाव्या किकला सायलेन्सरमधून असा बार निघाला की कोंबड्या थेट छपराच्या कवेलूंवर!

आमच्या गल्लीच्या मागेच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं आहेत, अन् त्याच आठवड्यात तिकडे वाघ दिसला होता. वाघ पळवायला कोणी फटाके फोडतंय असं समजून कोणीतरी फोन केला. अर्ध्या तासात जंगलखात्याची जीप दारात! दोन गार्ड काठ्या घेऊन उतरले.

"फटाका कोणी फोडला? वाघ कुठी आहे?"

आईने ओसरीत बसलेल्या बाबांकडे बोट दाखवलं. "हा इथी बसला! तीन महिन्यांपासून गुरगुर करून राह्यला, न्या याले!"

गार्डांनी वाघ काही नेला नाही. उलट त्यातल्या एकाच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. त्यानेच प्लग काढून साफ केला अन् लाली पहिल्यांदा धडधडली. बाबा उठून उभे राहिले. हात आपोआप हँडलकडे गेला होता. आई दारातच उभी होती. बाबांनी त्या हातानं टाकीवरची धूळ पुसली अन् परत जाऊन बसले.

* * *

टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. बाबांनी ऑइलची बाटली कुठे ठेवावी? तर स्वयंपाकघरात, टोळीच्या तेलाच्या बाटलीला लागून! आमच्याकडे मोहाच्या बियांना टोळ म्हणतात, त्यांचं तेल आई वडे तळायला खास बाजारातून आणते.

रविवारी ट्रायल होती. बाबांनी बाटली आणली, मापात तेल घेतलं, टाकीत ओतलं. मी किक मारली. गाडी एका किकमध्ये सुरू! गल्लीत दोन चकरा मारल्या. धूर भल्ला, पण काय खमंग वास!

गेडामबाई भिंतीवरून डोकावल्या. "वहिनी कुठी गेल्या? काय तळून राह्यल्या आज?"

मेश्रामकाकांनी धुराचा वास घेतला. मग बाबांच्या हातातल्या बाटलीचा घेतला. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला,

"अवं, आज हे तेल निळं काऊन दिसून राह्यलं?"

* * *

अन् मग आम्ही निघालो. सकाळी सकाळी, मी पुढे, बाबा मागे. आईने दारात पुन्हा एकदा अट वाचून दाखवली. गडचिरोली गेलं, धानोरा गेलं, डांबरी रस्ता संपला. बाबा मागून सारखे सांगत होते, "तिसरा टाक. आता दुसरा. क्लच सोड, क्लच!" मी एकदा चिडून म्हटलं, "बाबा, तुमीच चालवा मग!" पुढे गावापर्यंत ते नुसते झाडं मोजत बसले. मला फार वाईट वाटलं.

गावाच्या अलीकडे एक नाला आहे. नाला ओलांडला, चढ चढला, अन् पहिलंच घर रैनूदादांचं. ते अंगणात खाटेवर बसले होते. आवाज ऐकला तसे उठले, कुडाला धरून फाटकापर्यंत आले. मी त्यांच्या अगदी समोर गाडी थांबवली.

मी तिकडच्या रीतीनं नमस्कार केला, "जोहार, दादा!"

रैनूदादांनी मान वाकडी करून ऐकलं. मग विचारलं, "बाई, गाडी तं डाक्टरची आहे. डाक्टर काऊन नाई आला?"

बाबा माझ्या मागेच होते! बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. खाली उतरले. ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं अन् दुसरा हात माझ्यापुढे केला.

चावी मागत होते.

मला आई आठवली. तिची अट आठवली. पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. मी उतरले अन् चावी त्यांच्या हातावर ठेवली.

बाबांनी किक मारली. एकच. गाडी वळवून चढ उतरले, नाला ओलांडून पार पलीकडच्या वळणाआड गेले. आवाज बारीक होत होत बंद झाला. रैनूदादा कुडाला धरून तसेच उभे होते.

मग आवाज पुन्हा आला. नाल्याच्या आधी बाबांनी गिअर टाकला, जरा थांबले, जुन्या सवयीनं दोनदा रेस केली अन् एका दमात चढ चढून आले.

रैनूदादांचं तोंड हसून एवढं मोठं झालं. त्यांनी घराकडे वळून सुनेला हाक मारली,

"ए बाई, आला! लेकरं लपव, सुईवाला आला!"