बोरन्हाणाचं काळं झबलं

"बाळाला जीसिक्सपीडी डेफिशियन्सी आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मी काही विचारायच्या आत माझी आईच बोलली, "म्हंजे तिकडचंच काय तरी असनार."

तिकडचं म्हणजे केनियाचं. माझा नवरा केनियाचा. पुण्यात शिकायला आला, तिथे आमचं जमलं. आता रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये असतो आणि आम्ही तिथेच शेजारी अष्टमी गावात राहतो. त्याचं नाव कमाऊ. जावई कमाऊ मिळाला, हा विनोद माझ्या माहेरच्या, पेणच्या नातेवाइकांनी इतक्यांदा केलाय की मी हसायचं सोडून दिलंय. आमचा अमानी तेव्हा वर्षाचाही नव्हता. रंग बापाचा, केस बापाचे, हट्ट माझा.

जीसिक्सपीडी हे नाव तुमच्याही कानावर पडलं तर हातपाय गाळू नका. तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम काहींच्या रक्तात जन्मापासून कमी असतं, एवढाच त्याचा अर्थ. एरवी काही कळत नाही. पण ठरावीक औषधं किंवा रसायनं अंगात गेली की पेशी भराभर फुटतात. त्याला हिमोलिसिस म्हणतात. मग डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूल मलूल पडतं.

आमच्याकडे सुरुवात झाली संक्रांतीला. बोरन्हाणासाठी मी अमानीला पेणला, रामवाडीत माहेरी घेऊन गेले होते. आमच्या घरात बोरन्हाणाचं एक काळं झबलं आहे, पणजीच्या चंद्रकळेतून शिवलेलं. माझ्या भावाने घातलं, मी घातलं, भावाच्या मुलीने घातलं. अमानीच्या वेळी मात्र आई त्याचं नाव काढेना. शेवटी मीच विचारलं.

"काळ्यावर काळं काय उठून दिसनार गो? बाजारातलं पिवळं आनू," ती म्हणाली.

तिने हे वाईट हेतूने म्हटलं नाही, असं सगळे मला समजावत होते. डाळीचं पीठ आणि साय लावून ती त्याला घासायची, तेही वाईट हेतूने नव्हे. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घरालाच लागून गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. गिऱ्हाईक आलं की ते आत ओरडायचे, "पोराला आत ने, रंगाचा वास लागल त्याला." भावाची मुलगी त्याच रंगात लोळून मोठी झाली. मी त्या रात्री जेवले नाही. माझा राग असाच असतो, ताटावर निघतो.

बोरन्हाणाच्या सकाळी आईने आपणहून ट्रंक उघडली. अमानीच्या अंगाला खोबरेल चोळलं आणि ते काळं झबलं त्याला चढवलं. मग अंगणात चुरमुरे, बोरं, हलवा, शेजारची पोरं, सगळं यथासांग झालं. झबल्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आमच्या सगळ्या सणांना तोच वास असतो, त्यामुळे मला तर बरंच वाटलं. "राहू दे अंगात, आज काढू नको," आई म्हणाली. तो त्यातच झोपला.

दोन दिवसांनी त्याचा लंगोट तपकिरी झालेला दिसला. तो दूध घेईना. आई म्हणाली, तोंडावर तर काय दिसत नाय. खरंच दिसत नव्हतं. म्हणून सांगते, बाळ काळंसावळं असेल तर फिकेपणा किंवा कावीळ गालांवर शोधत बसू नका. डोळ्यांची पांढरी बाजू बघा, हिरड्या बघा, तळहात बघा. मी डोळा उघडून पाहिला, तो हळदीसारखा पिवळा होता.

पेणमधल्याच एका दवाखान्यात त्याला ठेवलं. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं होतं. एन्झाइमच्या तपासणीसाठी आधी रक्त काढून घेतलं, मग रक्त चढवायला सुरुवात झाली. कमाऊ वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकला होता आणि दर थोड्या वेळाने फोन करत होता. मला बाकावर बसवेना. मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. नर्स म्हणाली, ताई, बसा. मी बसले आणि पुन्हा उठले.

आणि मग तो निदानाचा दिवस, आणि आईचं ते वाक्य. कमाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्याला मराठी चांगलं कळतं. त्याने नुसतं खाली पाहिलं.

डॉक्टर आईकडे वळले. "नाही मावशी. मुलाला हा दोष वडिलांकडून येत नाही. तो एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स देते आई. आईला तो तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. तुमच्या घरात कुणाला मलेरियाच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती का?"

दाराशी उभे असलेले अप्पा म्हणाले, "मला."

तरुणपणी खाडीकडे कामाला असताना त्यांना ताप आला होता. गोळ्या घेतल्या आणि लघवी लालकाळी झाली. लोक म्हणाले, बाधा झाली. तेव्हापासून त्यांनी त्या गोळीला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी त्यांचंही रक्त तपासायला पाठवलं आणि पुढे त्यांच्यातही तोच दोष निघाला.

त्याच वेळी डॉक्टरांनी डांबरगोळ्यांचं विचारलं, तेव्हा मी झबल्याचं सांगितलं. त्यातलं नॅफ्थलीन कातडीतून आत जातं आणि तेल लावलेल्या अंगात जास्तच जातं. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे धुऊन उन्हात वाळवले तरी बाळाला घालायची जोखीम घेऊ नका, असं त्यांनी बजावलं. आईचा चेहरा उतरला. "मी घातलं गो," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. त्यानंतर ती अमानीच्या जवळ येईना. मला वाटलं, एकदाच मनापासून जवळ घेतलं होतं तिने, आता पुन्हा कधीच घेणार नाही. मी त्याला उचललं आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. ती हात आखडून बसली होती. त्याने तिच्या बांगड्या ओढायला सुरुवात केली, तेव्हा तिने त्याला धरलं.

घरी सोडायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरची म्हातारी बराच वेळ निरखत होती. शेवटी तिने विचारलं, "कुनावर गेलाय गो ह्यो?"

मी तोंड उघडलं होतं. अप्पा मध्येच बोलले. "माझ्यावर."

म्हातारीने अप्पांच्या गोऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग अमानीकडे. "व्हय?"

"व्हय. नातू हाय माझा," अप्पा म्हणाले आणि त्याला खांद्यावर घेऊन औषधांच्या खिडकीशी, सगळ्या गर्दीत जाऊन उभे राहिले.

कमाऊ हसत होता. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

अमानी आता धावतो. त्याला कोणती औषधं चालत नाहीत ते आम्ही प्रत्येक डॉक्टरला आधी सांगतो, तुम्हीही सांगा. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे, आणि ज्या अनोळखी माणसाचं रक्त माझ्या मुलाच्या अंगात गेलं त्याचीही. अप्पांचीही आहे. पण जन्मल्या दिवसापासून तो त्यांचाच होता, आणि हे त्यांच्या तोंडून निघायला त्याचं रक्त फुटावं लागलं, ते मला अजून गिळता आलेलं नाही.