करवतीचा खडखडाट

पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी उभी गल्ली त्याला बारक्याच म्हणायची. सुतारकाम आजोबांपासूनचं आणि कारखान्यातली पट्टी करवतही त्यांचीच. दोन मोठ्या चाकांवर लांबलचक पातं फिरायचं, आणि चाकांचा खडखडाट असा, की शेजारीण भिंतीवर थापा मारायची.

वडिलांचे डोळे पार अधू झालेले, पण हात अजून पक्का. त्या खडखडाटाच्या भरवशावर म्हातारा रोज एखादी फळी कापायचाच. तेवढ्यावर त्याचा दिवस बरा जायचा.

पण बारक्याला स्वस्थ बसवेल तर ना! चाकांची बेअरिंगं झिजलीत म्हणून हा खडखडाट, बदलायलाच हवीत. तसली आता कुणी बनवत नव्हतं. पठ्ठ्याने भंगारबाजार पालथा घातला, बंद कारखान्यांचे उंबरे झिजवले आणि जोडी मिळवलीच. जुनी बेअरिंगं भंगारवाल्याच्या गळ्यात मारली. करवत अशी गुपचूप फिरू लागली, की स्वारी स्वतःवरच खूश. बाबांना चकित करायचं म्हणून घरात चकार शब्द काढला नाही.

सकाळी करवत चालू करून तो फळी आणायला वळला, तेवढ्यात म्हातारा आत आला. आधी अंगठ्याने पातं दाबून ताण बघायचा, मग बटण दाबायचं, ही त्याची जन्माची रीत. आवाज नाही, म्हणजे करवत बंद. त्याने अंगठा पुढे केला.

"बाबा, हात मागे!" बारक्याने मनगट धरून खेचलं. नुसती साल निघाली, अंगठा वाचला.

"चालू होती?" म्हाताऱ्याने एवढंच विचारलं.

बारक्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आपल्या हौसेपायी बापाचा अंगठा गेला असता, हा विचार पाठ सोडेना. शेवटी त्याने भंगारवाल्याचं दुकान गाठलं.

"माझी जुनी बेअरिंगं आहेत का हो?"

"अहो, लोक झिजलेली देऊन चांगली नेतात! तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"असतं तर ती विकली असती का?" बारक्या म्हणाला आणि ढिगाऱ्यात बसून शोधू लागला.

जुनी बेअरिंगं सापडली, पुन्हा बसवली. बाबांना हाताला धरून आणलं, करवत चालू केली, फळी पुढे केली. म्हाताऱ्याने कान देऊन ऐकलं.

"आवाज अगदी पहिल्यासारखा आहे रे," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "पण तूच काप. मी बसतो इथे."